पेनड्राइव्हातली बयाक्का

"येतो म्हणा, मग उठा."

गडमुडशिंगीत लालासाब नदाफच्या दुकानात जो कोणी पेनड्राइव्ह घेऊन आला, त्यानं हे वाक्य ऐकलेलं आहे. उसाच्या ट्रॅक्टरवर वाजवायला गाणी भरून नेणारे ऐकतात, भजनी मंडळाचे टाळकरी ऐकतात, आणि लग्नाचा व्हिडिओ न्यायला आलेल्या नव्या नवऱ्याही लाजत लाजत ऐकतात. आपल्याकडं कुणाच्या घरातून उठताना माणूस 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो, घरातलं कोणीतरी 'या' म्हणतं, मग पाऊल उंबऱ्याबाहेर पडतं. लालासाबचं म्हणणं एवढंच, की कॉम्प्युटरच्या घरात शिरलेल्या पेनड्राइव्हलाही ही रीत पाळू द्यावी. पडद्यावर त्याच्या नावाशेजारी बारीकशी खूण असते. ती दाबायची, 'आता काढा' असं आतून उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि मगच हात लावायचा.

"आन तसंच उपसून काढलं तर?" एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला विचारलं होतं.

"जेवत्या ताटावरनं पावण्याला दंडाला धरून उठीवल्यावर काय हुतंय?" लालासाब म्हणाला. "घास हातातच ऱ्हातोय. अर्धा सांडतोय. पुन्यांदा त्यो तुझ्या दारात पाय ठेवंल का?"

आतल्या बाजूला गादीची खोळ शिवत बसलेली त्याची बायको अमीरबी तोंडातला दोरा दातानं तोडून म्हणाली, "पेनड्राइव्हला रीत शिकिवत्यात. आन सोता दुकानातनं उठून कुटं गेल्यात ते मी गावभर इचारत फिरायचं."

लालासाबनं ऐकलं नाही असं दाखवलं. तो बऱ्याच गोष्टी ऐकल्या नाहीत असं दाखवतो, आणि कानाला ऐकू येणारी बारीकातली बारीक गोष्ट त्याच्याकडून सुटत नाही.

हे कान त्याच्या घराण्यातच आले आहेत. नदाफ म्हणजे कापूस पिंजणारे. त्याचा बाप खांद्यावर पिंजणीची कमान टाकून कसबा बावड्यापासून पार पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत गावोगाव हिंडायचा. एखाद्याच्या सोप्यात बसून कमानीला ताणलेली तात छेडायचा, आणि त्या आवाजावर जुना, दगडासारखा बसलेला कापूस जागा होऊन हवेत उठायचा. लहानगा लालासाब त्या पांढऱ्या धुक्यात झोपी जायचा. तो सांगतो की अजूनही त्याला स्वप्न पडतं ते पांढरंच पडतं, आणि त्यात कोणी दिसत नाही, फक्त दूरवर तात वाजत असते. बाप त्याला म्हणायचा, कापूस पिंजून झाला म्हणून लगेच भरायला घेऊ नको. तो अजून हवेत आहे. त्याला खाली बसू दे. घाईनं गोळा केलास तर गादीत गाठ पडेल आणि झोपणाऱ्याला ती आयुष्यभर टोचेल.

पुढं तयार गाद्या आल्या. लालासाब रेडिओ उघडायला शिकला, मग टेप, मग गाण्यांच्या कॅसेटी भरून द्यायला लागला. कॅसेटी गेल्या, तेव्हा गांधीनगरच्या बाजारातून एक जुना कॉम्प्युटर आणून तो मोबाईलच्या कार्डात आणि पेनड्राइव्हात गाणी भरू लागला. गावातल्या प्रत्येक पेनड्राइव्हातून काही ना काही रोग त्या कॉम्प्युटरला लागायचा. शेवटी तो इतका दमला की चालू व्हायलाच अर्धी सकाळ घ्यायचा. तेव्हा लालासाबचा पुतण्या उजैर, जो आता पुण्यात नोकरीला आहे, त्यानं सुट्टीत येऊन विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकून दिलं. खिडक्यांवर टिचक्या मारायची सवय असलेल्या लालासाबला आधी हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या पाटीची भीती वाटली. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, की या कॉम्प्युटरला काही दुखलं-खुपलं की तो काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात सांगतो. इंग्रजीत सांगतो, पण सांगतो. लालासाब ती ओळ बोट ठेवून वाचतो, न कळलेले शब्द उजैरला फोनवरून विचारतो, आणि एकदा कळलेला शब्द विसरत नाही.

दुकानाच्या आढ्याला बापाची कमान अजून टांगलेली आहे. उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान उतरायला लागलं की त्याची सावली आधी उसावरून जाते, मग दुकानाच्या पत्र्यावरून, आणि कमानीची सैल तात आपोआप थरथरते. लालासाब हातातलं काम थांबवून ती थरथर पुरी होऊ देतो.

आता आकारामच्या आईची गोष्ट.

आकाराम गावच्या वरच्या अंगाला, उसाच्या पट्टीत राहतो. गोठ्यात दोन म्हशी. त्यातली गजरी पंढरपुरी जातीची, शिंगं खांद्यावरून पाठीपर्यंत गेलेली, डोळे पावसाळी विहिरीसारखे. तिचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. रेडकाशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. दूध कासेत असतं, पण ती ते वर ओढून धरते. कोणी इंजेक्शन सुचवलं. आकारामची आई, बयाबाई, हिनं ते अंगणातसुद्धा येऊ दिलं नाही. गजरीच्या मानेला हात लावून ती तिच्याशी बोलायला लागली. पेंडीचं बोलली, शेजारणीच्या भांडणाचं बोलली, पोराच्या चिकटपणाचं बोलली. बोलता बोलता गुणगुणायला लागली, शब्द नसलेलं, जात्याच्या घरघरीसारखं काहीतरी. आणि गजरीनं डोळे मिटले, आणि पान्हा सोडला. तेव्हापासून धारेची वेळ झाली की बयाबाईचा आवाज लागायचाच. गावातली बयाबाईहून लहान माणसं तिला बयाक्का म्हणतात. लालासाबही त्यातलाच.

मध्ये बयाक्काला लेकीच्या बाळंतपणासाठी पन्हाळ्याला जाऊन राहायचं होतं. गजरीचं काय, हा प्रश्न पडला. आकारामनं आईचं ते बोलणं आणि गुणगुणणं मोबाईलवर भरून घेतलं. लालासाबनं ते मोबाईलमधून काढून, स्पीकरला समजेल असं करून, एका पेनड्राइव्हात टाकून दिलं. गोठ्याच्या मेढीला स्पीकर टांगला. बयाक्का पन्हाळ्याच्या थंडीत नातवाला मांडीवर घेऊन बसली असताना इकडं गडमुडशिंगीत तिचा आवाज गजरीची धार काढून देत होता. गावातली पोरं ते बघायला यायची. म्हैस स्पीकरकडं मान वळवून उभी राहायची आणि कान हलवायची.

बयाक्का परत आली. आणि गणपतीच्या आधी एका सकाळी चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डोळे तेवढे बोलत होते. जीभ हलायची, पण तिच्यातून काही बाहेर यायचं नाही. काही दिवसांनी तिनं जीभ हलवायचंही सोडून दिलं. सोप्यात, गोठ्याच्या दाराकडं तोंड करून तिची खाट टाकलेली होती. मोबाईल तोवर म्हशींच्या पाण्याच्या हौदात पडून संपला होता. लालासाब लोकांचा घरगुती माल कॉम्प्युटरात ठेवत नाही, त्यामुळं बयाक्काचा आवाज म्हणून जगात आता तो एक पेनड्राइव्ह होता. सकाळ-संध्याकाळ तो स्पीकरला लागायचा, गजरी पान्हा सोडायची, आणि खाटेवरची बयाक्का स्वतःचंच बोलणं ऐकत छताकडं बघत पडायची.

एका शुक्रवारी आकाराम दुपार कलल्यावर लालासाबच्या दारात उभा राहिला. चेहरा राखेसारखा. मी तिथं बाकावर बसलो होतो.

"लालाभाई, हे बघा की जरा." त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला. "आईचा आवाज बसलाय ह्यातला."

लालासाबनं तो हातात घेतला, पण कॉम्प्युटरला लावला नाही. "काय केलंस ते आदी सांग."

"काय न्हाय."

"मग बसला कसा?"

आकाराम दाराच्या चौकटीला नखानं ओरखडत म्हणाला, "परवा सांजचं आलतो. तुमी नमाजाला गेलतासा. म्हणलं, पेनड्राइव्हात जागा हाय, ट्रॅक्टरला चार गाणी टाकून घेऊ. वैनी हुत्या की. त्यास्नी इचारून टाकली."

"मला गाणी टाकू का म्हणून इचारलं," आतून अमीरबी म्हणाली. "म्हशीचा पेनड्राइव्ह हाय ह्ये न्हाय सांगितलं."

"आन काढताना?" लालासाबनं विचारलं.

"रेघ भरली हुती की. हिरवी रेघ पुरी भरली. डेअरीची येळ झालती, किटली गाडीला आडकीवलेली, तिकडं मापाड्या मशीन बंद करायला बसलेला. उपसला आन पळालो."

त्यानंतर गजरीनं दूध दिलेलं नव्हतं. स्पीकरचा दिवा लुकलुकायचा आणि आत काहीच वाजायचं नाही. आकारामनं स्वतः आईसारखं बोलून बघितलं, तर गजरीनं लाथ मारून चरवी लवंडली. बायकोनं गाऊन बघितलं. कास दगडासारखी घट्ट व्हायला लागली होती.

"वडगावच्या बाजाराचा दलाल उद्या सकाळी टेंपो घिऊन येतोय," आकाराम म्हणाला. "आटली तर कोण इचारणार तिला. कास दुखाय लागली तर तिचंबी हालच की. आईला अजून सांगितलं न्हाय. पर तिला कळलंय, लालाभाई. सकाळधरनं गोठ्याकडनं नजर काढीना."

लालासाबनं पेनड्राइव्ह बोटांत फिरवून बघितला. मग म्हणाला, "ती रेघ भरली ना, त्यो कापूस अजून हवंतच हुता."

आकारामला ते कळलं नाही. लालासाबनं नीट सांगितलं. कॉम्प्युटर दिलेला माल आधी आपल्या ओंजळीत घेतो आणि घेतला म्हणून सांगून टाकतो. ओंजळीतला माल पेनड्राइव्हच्या पोटात तो मागाहून, सवडीनं टाकतो. कुठला माल कुठं ठेवला याची खूणही तेव्हाच लिहितो. मध्येच ओढून काढलं की खूण अर्धी राहते. माल तिथंच पडलेला असतो, पण कुणाचा कुठला हे कोणाला सांगता येत नाही.

"म्हंजे आई आत हाय?"

"आसंल. बघू."

त्यानं पेनड्राइव्ह लावला. तो उघडला, पण आतली नावं कशीतरीच झाली होती, अक्षरांऐवजी ठिपके आणि चौकटी. बयाक्काचं नाव नव्हतंच. लालासाबनं काळी पाटी उघडली. तिथं कॉम्प्युटर स्वतःशी जी बडबड करत असतो तिच्या शेवटी एक ओळ होती. त्यानं बोट ठेवून ती वाचली आणि आम्हाला मराठीत सांगितली: याला नीट उतरवून घेतलेलं नव्हतं, आतलं काही बिघडलं असेल, तपासून घ्या.

ही ओळ त्याच्या रोजच्या ओळखीची. ट्रॅक्टरवाल्यांचे पेनड्राइव्ह असेच येतात. तो आधी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरपासून रीतसर सोडवून घेतो, कारण उघड्या पेनड्राइव्हची तपासणी करायची नसते, चालत्या गाडीचं चाक काढल्यासारखं ते होईल. मग तपासणीचा हुकूम देतो, कॉम्प्युटर विस्कटलेल्या खुणा जुळवतो, आणि चहा संपेपर्यंत गाणी परत वाजायला लागतात. त्या दिवशी मात्र त्यानं तसं केलं नाही. तपासणी करताना कॉम्प्युटर पेनड्राइव्हातच लिहितो, आणि चुकीचं लिहिलं तर जे उरलंय तेही जाईल. म्हणून त्यानं पेनड्राइव्ह सोडवला, आणि त्याला न उघडता, आत डोकावूनही न बघता, त्याची जशीच्या तशी नक्कल कॉम्प्युटरात काढायला लावली. गाठींसकट, ओरखड्यांसकट.

ती नक्कल फार सावकाश चालली. पेनड्राइव्ह जुना, गोठ्यात राहिलेला, शेणाची वाफ आणि धूळ प्यालेला. कुठंतरी अडायचा, कॉम्प्युटर ती जागा सोडून पुढं जायचा, आणि सोडलेल्या जागेकडं पुन्हा परत यायचा. पाटीवर आकडे हळू सरकत होते. दारातलं ऊन बाकाखालून माझ्या पायापर्यंत आलं, मग भिंतीवर चढलं. रस्त्यानं उसाची गाडी गेली तर तिचा लोंबता पाला दाराला घासून गेला. आकाराम बसला, उठला, परत बसला. अमीरबीनं चहा दिला तो त्यानं हातात धरला आणि प्यायचं विसरला.

"पी की रं," ती म्हणाली. "तू न्हाय पिलास म्हणून म्हस दूध द्यायची न्हाय."

एक विमान उतरलं. तात थरथरली. लालासाब डोळे मिटून बसला होता, आणि मला वाटलं तो झोपला. पण आकडे थांबले तसे त्यानं डोळे उघडले.

आता त्यानं नकलेवर तपासणी लावली. कॉम्प्युटरनं खुणा जुळवल्या, आणि ज्यांचा धनी सापडेना अशा तुकड्यांना नुसतं आकड्यांचं नाव देऊन एका बाजूला ठेवलं. बेवारस तुकड्यांची ती एक छोटी रांग होती. लालासाबनं पहिला वाजवला. ट्रॅक्टरचं गाणं निघालं, ढोलासकट, आणि मध्येच तुटलं. दुसऱ्यात नुसती खरखर. तिसरा लावला तेव्हा आधी काहीच आलं नाही, मग साखळीचा आवाज, मग शेपटीनं माशी हाकलल्याचा, आणि मग:

"आगं तोंड कर हिकडं. रुसलीस व्हय? काल पेंड कमी पडली व्हय तुला? आकारामनं घातली आसंल हात आखडून. त्यो त्याच्या बापावर गेलाय, तू मनावर घिऊ नगंस बाय."

आकाराम जमिनीकडं बघत होता. मग अमीरबी पदर तोंडाला लावून हसली, आणि आकारामच्या खांद्यांनाही हसू आलं, आणि त्यातच त्यानं बाहीनं डोळे पुसले.

बोलणं संपून गुणगुणणं सुरू झालं. जाड, ओलसर, जात्याच्या पाळूखालून आल्यासारखं. ते चढत गेलं आणि चढावरच तुटलं. उरलेलं गुणगुणणं रांगेतल्या शेवटच्या तुकड्यात सापडलं, उतारावरून पुढचं. मधला भाग नव्हता. पेनड्राइव्ह जिथं अडत होता, ती तीच जागा असावी. लालासाबनं मूळ पेनड्राइव्हकडं परत परत विचारणा केली. तिथून काही आलं नाही.

त्यानं दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून वाजवले. सूर उडी मारल्यासारखा झाला, पायरी चुकलेल्या माणसासारखा.

"हितं आदलाच तुकडा परत लावा की," आकाराम म्हणाला. "पयलं जे गुणगुणलंय त्यातलं थोडं उचलायचं आन हितं चिकटवायचं. कुणाला कळतंय?"

लालासाबनं तसंही करून बघितलं. जोड बसला. आम्हाला ऐकताना काही वेगळं वाटलं नाही. लालासाब मात्र परत परत ऐकत राहिला, मान तिरकी करून. शेवटी त्यानं तो लावलेला तुकडा काढून टाकला.

"का वो?" आकाराम जवळजवळ रडकुंडीला आला. "चांगलं लागलंतं की."

"चांगलं लागलंतं. पर बयाक्का हितं आसं म्हणली न्हवती." लालासाब म्हणाला. "जुन्या गादीचा कापूस जळला आसंल तर माझा बाप तिथं चिंध्या भरायचा न्हाय. हितला कापूस गेलाय म्हणून सांगायचा. मी तिच्या तोंडात माझं काय घालू?"

"म्हस बाजारात जाईल, लालाभाई."

लालासाबनं त्याच्याकडं बघितलं. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं चढ आणि उतार यांच्यामध्ये अंदाजानं, मान हलवत, बोटानं मांडीवर ठेका धरत, जेवढा सूर गेला असेल तेवढी शांतता ठेवली. नवा पेनड्राइव्ह घेतला, त्यात ते भरलं, आणि कॉम्प्युटरनं सोडेपर्यंत हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला. आकारामही यावेळी हात मागं बांधून उभा होता. मग लालासाब म्हणाला, "चल, मीबी येतो."

आम्ही तिघं उसाच्या वाटेनं वर गेलो तेव्हा सूर्य पंचगंगेच्या अंगाला कलला होता. शेतातून धुरासारखं पातळ धुकं उठत होतं. गोठ्यात गजरी उभी होती, पुढ्यातली वैरण न खाता. तिनं आम्हाला बघून शिंगं हलवली. सोप्यातून बयाक्काची नजर आधी आकारामवर, मग लालासाबवर आली आणि तिथंच राहिली.

"बयाक्का, तुझा आवाज आणलाय," लालासाब खाटेपाशी वाकून म्हणाला. "थोडा सांडलाय. समदा न्हाय गावला."

तिनं नजर गोठ्यातल्या स्पीकरकडं नेली.

आकारामनं कोमट पाण्यानं कास धुतली, बोटाला तूप लावलं, चरवी गुडघ्यात धरून बसला. लालासाबनं पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. साखळी वाजली, माशी उडाली. "आगं तोंड कर हिकडं." गजरीनं मान वळवली. आकारामनं सडाला हात घातला, ओढलं. काही नाही. पेंडीचं बोलणं झालं, बापावर गेल्याचं झालं. म्हशीचे कान स्पीकरकडं लागले होते, पण अंगाचा ताण तसाच होता. गुणगुणणं सुरू झालं. गजरीच्या पापण्या जड व्हायला लागल्या. आकारामचा श्वास मला ऐकू येत होता. सूर चढत गेला, चढत गेला, आणि थांबला.

म्हशीनं डोळे उघडले. मागचा पाय उचलला.

आणि सोप्यातून आवाज आला.

तो फार बारीक होता. फाटलेला, खरखरीत, घशाच्या तळाशी बसलेला. पण सूर तोच होता आणि तो तुटल्या जागेपासूनच उचललेला होता. बयाक्काचे ओठ मिटलेले होते. डावा हात खाटेच्या लाकडावर हलत होता. इतके दिवस स्पीकर सारं काही पुरं म्हणत होता, तिला मध्ये कुठं शिरायला जागा नव्हती. आता तिनं चढावरून सूर उचलला आणि उतारापर्यंत आणला, आणि स्पीकरमधल्या बयाक्कानं तो तिच्या हातातून घेतला.

गजरीनं पाय खाली ठेवला. तिची नजर स्पीकरवरून सुटून सोप्याकडं गेली.

चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी, मग धारांचा एकच आवाज झाला. फेस चढायला लागला.

आकाराम उठायला लागला, आईकडं जायला. लालासाबनं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"धार मोडू नगंस," तो म्हणाला.

"आई बोलली, लालाभाई."

"बोलली न्हाय. गायली. तू काढ धार."

गाणं संपलं आणि स्पीकरनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा पेंडीचं बोलणं आलं, पुन्हा चढ आला, पुन्हा ती मोकळी जागा आली, आणि बयाक्का तिच्यासाठी तयार होती. या खेपेला सूर थोडा जास्त भरला होता. आतून सुनेनं हातातलं काम टाकून दारात येऊन बघितलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. आकाराम म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून धार काढत होता.

चरवी भरली तशी त्यानं ती बाजूला ठेवली आणि खिशातून बायकोचा फोन काढून दलालाला लावला. "पावणं, उद्या टेंपो आणू नगासा," एवढंच म्हणाला. पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं आलं. "व्हय, आलं दूध. आमच्या आईनं आणलं," असं सांगून त्यानं फोन ठेवला.

मग तो लालासाबला चहाला थांबा म्हणायला वळला, तर लालासाब गोठ्यातून बाहेर पडलेला होता. जुना बिघडलेला पेनड्राइव्ह त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला होता, आज ना उद्या त्या अडलेल्या जागेतून काही निघतंय का हे बघायला. खाटेसमोरून जाताना 'येतो' म्हणून त्यानं हात कपाळापर्यंत नेला. बयाक्काचा डावा हात खाटेवरून थोडासा वर उठला आणि परत पडला.

तो बांधावरून खाली उतरला. पाठीत किंचित वाकलेला, हात मागं बांधलेले, पाय जपून टाकत. उसाच्या तुऱ्यांवर शेवटचं ऊन होतं आणि त्यातून पांढरे धागे उडत होते. ते त्याच्या टोपीवर आणि खांद्यावर बसत होते, आणि तो ते झटकत नव्हता. पाटाच्या फळीवर तो जरा थांबला, पाण्याचा आवाज ऐकत असावा. मग पलीकडं गेला आणि उसानं त्याला हळूहळू झाकून घेतलं.

मी मेढीला टेकून बघत होतो. आकाराम दुधाचा हात तसाच धरून बघत होता. बयाक्कानं मान वळवता येईल तेवढी वळवली होती, आणि ऊस हलायचा थांबला तरी ती तिकडंच बघत राहिली.